बुकचोराचं घर

"तूच वाच, सूनबाई. माझ्या चष्म्याला इंग्रजी दिसत नाही," असं म्हणत अप्पांनी पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. मांडीवर मुक्ता होती. तिनं लगेच त्याचा कोपरा तोंडात घातला.

मी पाकीट तिच्या मुठीतून सोडवलं आणि ओला कोपरा ओढणीला पुसला. परदेशी तिकीट, टाइप केलेला पत्ता: गोपाळ तोडणकर यांचे कुटुंबीय, कोंडबंदर, जिल्हा रत्नागिरी. पोस्टमन शिरधनकर पायरीवरच उभा होता. परदेशातून आलेल्या पत्रात काय आहे ते कळल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता.

"गोपाळ म्हणजे तुमचे वडील ना, अप्पा?"

"दुसरा कोण गोपाळ आहे या घरात? तो काय, भिंतीवर बसलाय. वाच."

भिंतीवरच्या तसबिरीतले गोपाळ आजोबा भरघोस मिशांआडून माझ्याकडे बघत होते. मी वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत मनात, मग तेच मराठीत मोठ्यानं. स्पेनमधल्या एका डोंगराळ गावातून नुरिया नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं होतं.

"‘तुमचे गोपाळ तोडणकर सप्टेंबर १९३८ मध्ये आमच्या गावात वारले. हे तुम्हाला आजवर कुणी कळवलं नसेल, याची मला भीती वाटते.’"

"अडतीस?" शिरधनकर म्हणाला. "गोपाळकाका एकोणऐंशीला गेले. मी खांदा दिलाय."

अप्पा पोट धरून हसायला लागले. "अडतीस साली मेला म्हणे! मग त्यानंतर एकेचाळीस वर्षं मला शिव्या कोण घालत होतं रे, त्याचं भूत?"

मलाही हसू आलं. मुक्ता आमच्याकडे बघून हसली आणि हसता हसता खोकली. मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजले. लसीकरणाच्या केंद्रावर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नासच्या वर गेले की डॉक्टर. बेचाळीस भरले. मी पुढं वाचलं.

त्यांच्या देशात तेव्हा आपसात युद्ध पेटलं होतं. गोपाळ तोडणकर एका मालवाहू जहाजावर खलाशी होते. जहाज बंदरात उभं असताना विमानातून बॉम्ब पडले. बाकीचे खलाशी दुसऱ्या जहाजानं परत गेले. हा माणूस मात्र जखमींना पाठीवर घेऊन इस्पितळापर्यंत गेला, आणि मग तिथलाच झाला. शेवटचे दोन महिने नदीकाठच्या लढाईतून तो जखमी उचलून आणत होता. शेवटी एकाला आणायला गेला आणि दोघंही परतले नाहीत. त्या गावाच्या दफनभूमीमागं एका चरात असे अकरा परदेशी पुरलेले आहेत, सात देशांतले. लढाई त्यांची नव्हती, आपण होऊन आलेले. नंतरच्या सरकारनं त्यांची नावं घ्यायलाही बंदी घातली होती. गावातल्या बायका त्या जागेवर नुसत्याच फुलं ठेवून यायच्या, कुणासाठी ते न बोलता. आता तिथं दगड बसवायचा आहे. "‘आम्हाला नावाचं बरोबर स्पेलिंग हवं आहे. इस्पितळाच्या वहीत ते त्यांच्या जहाजाच्या बुकावरून उतरवलेलं आहे.’"

"बुक!" शिरधनकर ओरडला. "अप्पा, बुक! म्हणजे हा—"

आणि त्यानं मान वळवून गल्लीपलीकडच्या घराकडे बघितलं. अप्पांचं हसू थांबलं होतं.

मी लग्न होऊन कऱ्हाडहून कोंडबंदरला आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, तरी पलीकडच्या घराचं नाव मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बुकचोराचं घर. गावातले निम्मे बाप्ये त्या काळी जहाजावर. खलाशाकडे त्याच्या नावाचं बुक असायचं. ते असलं तर जहाज, नसलं तर मुंबईच्या गोदीत नुसतं उन्हात उभं राहायचं. नारायण भाटकरानं गोपाळ तोडणकरांचं बुक चोरलं, त्यांच्या नावावर जहाज गाठलं आणि तिकडंच कुठल्या मडमेबरोबर पळून गेला, असं गाव सांगायचं. मागं बायको राहिली आणि दोन वर्षांची मुलगी. गोपाळ आजोबांना परत समुद्र दिसला नाही. त्यांनी खाडीवर माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, सुरू केली, पुढं ती अप्पांनी चालवली, आणि पूल झाल्यावर अप्पा घरी बसले.

"शिरध्या," अप्पा म्हणाले, "गावभर करू नकोस."

"माझ्या पोटात राहील, अप्पा."

किती वेळ राहील ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. दगड कोरणारा थांबलाय."

"लिही मग. आमचा माणूस घरी, खाटेवर मेला म्हणावं. आमचं नाव काढून टाका."

"आणि तिथं काय लिहितील?"

"ते त्यांचं ते बघतील."

"अप्पा, ताराक्काला सांगायला हवं."

"आत्ता नको," अप्पा म्हणाले. त्यांनी पत्राची घडी घातली, परत उलगडली, परत घातली, आणि ते देवांच्या फळीवर हळदीच्या डब्याखाली सरकवलं.

बुकचोराची ती दोन वर्षांची मुलगी म्हणजे ताराक्का. पत्र आलं तेव्हा बहात्तरची. चोराची पोर म्हणून तिला कुणी करून घेतलं नाही. आई होती तोवर दोघी, नंतर एकटी. सुकट निवडायची, नारळाच्या झावळ्या विणायची, आणि गावातल्या तान्ह्या पोरांना तेल लावून न्हाऊ घालायची. मुक्ता झाली तेव्हा न्हाऊ घालणाऱ्या आणखी दोघी होत्या. अप्पांनीच सांगितलं, तारालाच बोलाव. मला तेव्हा नवल वाटलं होतं. कारण ती परसदारानं यायची आणि ती आली की अप्पा पुढच्या दारानं निघून जायचे, ती जाईस्तोवर परत यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशीही ती नेहमीसारखीच आली. पाटावर पाय लांब करून बसली, मुक्ताला पायांवर पालथी घातली.

"काय गो, काल किती भरले?"

"काय?"

"श्वास! मोजतेस ना रोज. मोजून वाढतात काय?"

"पुस्तिकेत लिहिलंय, ताराक्का."

"पुस्तिका न्हाऊ घालते काय पोरीला? चोराच्या लेकीचे हात आहेत हे. एकदा तेल लागलं की खोकला पळालाच, बघ." ती स्वतःलाच तसं म्हणायची. कुणी दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायची सवय असावी. "माझी आय म्हणायची, तुझा बाप येईल तेव्हा तुला ओळखायचा नाय, तूच ओळख सांग. मी म्हणायची, सांगीन, तुझी बुकचोरी मीच निस्तरली म्हणून."

"आणि आई काय म्हणायची?"

"पाठीत धपाटा घालायची. मरेपर्यंत कपाळाला हे एवढं कुंकू. पंच्याऐंशी साली तिरडीवर पण सवाशीणच गेली. लोक तोंडावर पदर घेऊन हसत होते."

मी चुलीतली लाकडं उगाच मागंपुढं केली. पत्र तिथून दहा पावलांवर, हळदीच्या डब्याखाली होतं. मला वाटलं, तिला माझ्या पाठीवर ते दिसत असणार.

त्याच संध्याकाळी अप्पांनी मला अमावास्येची यादी करायला बसवलं. पितृपक्ष चालू होता. आमच्याकडे सगळ्यांचं एकत्र सर्वपित्रीला करायचे. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडेच.

"तांदूळ, उडीद, काळे तीळ," अप्पा सांगत होते, "अळूची पानं, भोपळा. आणि केळीची पाच पानं सांगून ठेव गुरवाच्या वाडीत."

मी ‘पाच’ लिहिलं आणि थांबले. मला मोजायची खोड आहे. गोपाळ आजोबा एक. आजी दोन. सासूबाई तीन. मुंबईत वारलेले सीतारामकाका चार.

"अप्पा, पाचवं कुणाचं?"

"असतं एक."

"कुणाचं?"

"तू काय सगळ्याचंच मोजमाप करतेस काय गो?"

मी पेन्सिल खाली ठेवली. "गेल्या वर्षीही पाचच होती. मी पोटुशी होते, अळूवड्या मीच लावल्या होत्या, म्हणून आठवतंय. त्याच्या आदल्या वर्षीही. हे पत्र काल आलं अप्पा. बुक चोरून मडमेबरोबर पळालेल्या माणसाचं पान तुम्ही आधीपासून कसं वाढताय?"

 मुक्ता अप्पांच्या धोतराचा सोगा धरून उभं राहू बघत होती. तिला जमत नव्हतं. त्यांनी तिच्या बगलेखाली हात घातला.

"चोरलं नव्हतं," ते म्हणाले.

मी यादीचा कागद बाजूला सरकवला.

"मी दोन महिन्यांचा. डांग्या खोकला. खोकताना निळा पडायचो म्हणे. बाबांना मुंबईहून निरोप, जहाज तयार आहे, आठ दिवसांत या. न जावं तर नाव कापतात, पुन्हा उभं करत नाहीत. आई उंबऱ्यात आडवी पडली. म्हणाली, माझ्यावरून पाय टाकून जा. नारायण आणि बाबा लहानपणापासूनचे दोस्त. नारायणाकडे बुक नव्हतं, दोन वर्षं खटपट करत होता. बाबांनीच बुक त्याच्या हातात दिलं. एक खेप मार, वर्षानं परत दे. करायचे तसं तेव्हा, सगळेच करायचे. बुकावर फोटो नसायचा. गोऱ्या साहेबाला गोपाळ काय, नारायण काय."

"मग चोरी?"

"तो परत आला नाही. कंपनीनं कळवलं, गोपाळ तोडणकर जहाज सोडून पळाला. पोलीस दारात. आणि गोपाळ तोडणकर तर इथं, मला मांडीवर घेऊन बसलेला! बुक दुसऱ्याला दिलं म्हणाले असते तर तुरुंग. घाबरले. म्हणाले, चोरीला गेलं." अप्पांनी मुक्ताला उचलून घेतलं. "एकदा म्हटलं ते म्हटलं. मरायच्या आदल्या दिवशी मला सांगितलं. एकोणऐंशी साली."

मुक्ताला परत खोकल्याची उबळ आली. मी तिला त्यांच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, पाठ चोळली.

"तू असतीस तर?" अप्पांनी विचारलं. "त्या उंबऱ्यात?"

"मीही आडवी पडले असते," मी म्हटलं. ते खरंच होतं. माझा नवरा सुहास रत्नागिरीला बँकेत जायचा, शनिवारी परत यायचा, तरी सोमवारी पहाटे त्याची बॅग मला बघवत नसे. "पण अप्पा, एकोणऐंशीनंतर? तुम्ही का नाही सांगितलं?"

"उद्या सांगू म्हटलं. मग परवा. बापाला जाऊन महिना नाही झाला, त्याला कसं गावात उघडं पाडू? मग ती म्हातारी गेली, आता कुणाला सांगू? असं करत करत—" त्यांनी बोटं मोडली. "एकोणतीस वर्षं."

मग ते एकदम उठले. देवांच्या फळीवरून पत्र काढलं, टोपी घातली.

"चल. मी सांगतो, तू वाच. आत्ताच. उद्या म्हटलं की गेलं."

गल्ली ओलांडायला बारा पावलं लागतात. अप्पांनी ती इतकी हळू टाकली की मला वाटलं मध्येच वळतील. ताराक्का ओट्यावर सूप घेऊन सुकट निवडत होती. अप्पांना बघून तिचा हात क्षणभर थांबला.

"आज सूर्य कुठं उगवला? तर बुडाली काय रे दत्ता?"

"तारा," अप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "तुझ्या बापानं बुक चोरलं नव्हतं. माझ्या बापानं दिलं होतं, आपल्या हातानं, माझ्या दुखण्यापायी. मग पोलिसांना घाबरून खोटं बोलला. तुझा बाप कुठं पळाला नाही. तो वारला. हिच्याकडे पत्र आहे."

एका दमात बोलले आणि ओट्याच्या कडेला बसले, कुणी बस न म्हणताच.

ताराक्का सुकट निवडतच राहिली. "वाच," ती मला म्हणाली.

मी सगळं वाचलं. जहाज, बॉम्ब, इस्पितळ, नदी, अकरा जणांचा चर. पहिल्या दिवशी शिरधनकरच्या ओरडण्यात मोठ्यानं वाचायचा राहिलेला एक भाग शेवटी होता. तो मी सावकाश वाचला. त्या इस्पितळातल्या एका परिचारिकेनं वहीत लिहून ठेवलं होतं: गोपाळला आमची भाषा येत नाही. रात्रपाळीत तो जखमींपाशी बसून त्याच्या भाषेत काहीतरी गुणगुणतो. घरी कोण आहे असं खुणेनं विचारलं की तो हसतो, आणि हात जमिनीपासून गुडघ्याएवढा वर धरून दाखवतो.

सूप थांबलं.

"किती वर?"

"गुडघ्याएवढा."

"दाखव."

मी मुक्ताला डाव्या कडेवर घेतलं आणि उजवा हात हवेत धरला. ताराक्का त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"मी तर तेव्हा पाळण्यात," अप्पा हळूच म्हणाले. "उभा कुठं राहत होतो."

"कळतं मला," ती म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मला वाटलं ती रडेल, आणि मी पुढं झाले. ती रडली नाही. "सप्टेंबर म्हणजे भादवा. चैत्रात गेला, भादव्यात मेला. म्हणजे सहा महिने पण नाय. आणि आय सत्तेचाळीस वर्षं कुंकू लावत होती." तिनं मान वर केली. "दत्ता, तुझ्या बापानं तुला कधी सांगितलं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. 

"एकोणऐंशीला."

"माझी आय पंच्याऐंशीला गेली."

"हो."

"सहा वर्षं. सहा वर्षं ती ह्याच ओट्यावर बसायची, तू तिच्यासमोरनं तरीवर जायचास. मला सोड, मी निबर हाय. तिला सांगायचंस रे. मेला म्हणून सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पळाला नाय, एवढं तरी." आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "निघ आता. पत्र ठेव इथं."

अप्पा निघाले. मी पत्र सुपाशेजारी ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, हे ते ठेवताना माझ्या लक्षात आलं.

गुरुवारी मी पाणी तापवून ठेवलं आणि ती आली नाही. शुक्रवारीही नाही. मीच मुक्ताला पायांवर घेतलं. तेलानं ती निसटत होती, साबण डोळ्यांत गेला, दोघी मिळून रडलो. शनिवारी सुहास आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांचं आहे, त्यांना सोडवू दे." अप्पा ताटावर बसायचे आणि भातात रेघोट्या ओढून उठायचे. शिरधनकरच्या पोटात काही राहिलं नव्हतं. विहिरीवर बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. एकीनं तर सरळ विचारलं, "मग आता बुकचोराचं घर कुठलं म्हणायचं गो, ते की तुमचं?"

मी घरी येऊन ते अप्पांना सांगितलं नाही. पण त्यांनी ऐकलं असणार. त्या दिवशी ते कट्ट्यावर गेले नाहीत.

रविवारी दुपारी मुक्ता झोपली होती आणि मी तिच्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी खाकरलं. ताराक्का. हातात पत्र, नीट चौघडी केलेलं.

"वही घे," ती म्हणाली. "त्या बाईला लिहायचंय ना?"

मी वही घेतली. आतल्या खोलीत अप्पांची खाट करकरली.

"नारायण विठू भाटकर. कोंडबंदर. भाटकरातला ‘भा’ नीट सांग, नायतर काहीतरी भलतंच कोरतील. आणि विचार, त्याला अंघोळ कुणी घातली ते. मेल्यावर. कुणी घातली असंल तर तिचं नाव कळव म्हणावं."

मी लिहिलं.

"दगडावर नुसतंच नाव घालतात की अजून काय?"

"प्रत्येकाखाली एक ओळ आहे. घरच्यांनी सांगितलेली." मी पत्रात बघून सांगितलं, "एकाखाली ‘खाणकामगार, वय बावीस’. एकाखाली ‘आईचा धाकटा’. एकाचे कुणी सापडलेच नाहीत, त्याच्याखाली ‘आमचा’ एवढंच लिहिणार आहेत."

 ताराक्कानं पदरानं मान पुसली.

"लिही. गोपाळाच्या जागी आला."

आतून अप्पांचा आवाज आला, "तारा, बाबांचं नाव नको त्यात."

"तू गप!" ती दाराकडे तोंड करून म्हणाली. चार दिवसांतला तिचा तो पहिला शब्द अप्पांसाठी. "तुला कुणी विचारलं? दोघांनी मिळून केलं ते. एकानं दिलं, एकानं घेतलं. पोलीस आल्यावर एक भ्यायला, ते निराळं. मी एकट्याचं कसं लिहू?"

मी ती ओळ लिहिली.

ते पत्र मी मंगळवारी तालुक्याच्या सायबर कॅफेतून मेल केलं. नोव्हेंबरात फोटो आला. करड्या दगडावर अकरा नावं, दगडापुढं लाल मफलर गुंडाळलेली बुटकीशी नुरिया आणि तिच्यामागं अख्खं गाव. आमची ओळ तिनं त्यांच्या भाषेत कोरून घेतली होती आणि खाली देवनागरीतही, मी पाठवलेल्या अक्षरांवरून. ‘जागी’मधला काना जरा तिरका आला होता. अंघोळीचंही उत्तर होतं: ‘वहीत नाव नाही, पण गावातल्या बायका घालायच्या, माझी आजी त्यांत होती.’ मुक्ता आता सतरा वर्षांची आहे, तिला तो दगड बघायला जायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पण त्या रविवारी ताराक्का उठता उठता म्हणाली, "उद्या अमावास्या, सकाळी सातला भरती लागते. दत्ताला सांग, धुतलेलं धोतर नेस. भटाला मी सांगितलंय."

"कशाला?" अप्पा दारात आले. चार दिवसांची दाढी वाढलेली.

"माझा बाप मेलाय, त्याला पाणी नको द्यायला? भट म्हणतो पुरुषाचा हात पाहिजे. माझ्याकडे दुसरा कुठला पुरुष हाय?"

सोमवारी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. पूल झाल्यापासून तिथं कुणी फारसं येत नाही, पायऱ्यांवर शेवाळ. मुक्ताला टोपडं, पायमोजे, वर माझी शाल, एवढ्यात गुंडाळून मी सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होते. खाली अप्पा गुडघाभर पाण्यात. ताराक्का त्यांच्या डाव्या अंगाला, कोरडं लुगडं पाण्यात भिजतंय याची पर्वा न करता. मोघे भटजी मोटारसायकलवरून आले होते आणि एकसारखे घड्याळ बघत होते.

"चला, आटपू या. पुढं चार घरं आहेत मला. अप्पा, आधी तुमचे." त्यांनी गोपाळ आजोबांचं म्हटलं, आजीचं, सासूबाईंचं, सीतारामकाकांचं. अप्पांच्या ओंजळीतून तीळ आणि पाणी खाली पडत होतं. "झालं? आता हे. गोत्र काश्यप धरतो. नाव?"

"नारायण," अप्पा म्हणाले.

"कर्त्याशी नातं?"

अप्पा थांबले. ओंजळ तशीच समोर धरलेली.

"नातं सांगा, अप्पा. मंत्रात म्हणावं लागतं. शेजारी ना? मग आप्तेष्टांत धरतो, चालतं ते."

"आप्तेष्ट नाय," ताराक्का म्हणाली. "बाप धरा."

"अहो, बाप गोपाळराव. त्यांचं आत्ताच झालं."

"त्याला दोन हायत. तुम्ही म्हणा."

भटजींनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी काही सांगेन असं वाटलं असावं. मी मान हलवली. अप्पा कुणाकडेच बघत नव्हते. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते सरळ ओंजळीत पडत होतं.

"अस्मत्पितरम्," भटजी म्हणाले, "नारायण."

"अस्मत्पितरम्," अप्पांनी म्हटलं. पुढचं नाव ते नुसतेच पुटपुटले.

ताराक्कानं आपला हात त्यांच्या ओंजळीखाली धरला.

"मोठ्यानं म्हण, दत्ता," ती म्हणाली. "लांब हाय तो."

अप्पांनी म्हटलं. पलीकडच्या काठावर जाळं धूत असलेली माणसं मान वर करून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं.